टू लावायचा, गाळायचा की आयएनजी? इंग्रजी क्रियापदाचे बारकावे, एकेक पायरीने

मराठी मीडियममधून शिकून अंधेरी, मालाड, बीकेसीच्या ऑफिसांत लागलेली बरीच मुलंमुली भेटतात. टेन्स त्यांना बऱ्यापैकी जमतो, स्पेलिंग फोन सांभाळून घेतो, पण मेल लिहायला बसलं की गाडी एकाच जागी अडते, इथे टू गो लिहू, नुसतं गो लिहू की गोइंग, आणि मग अंदाजपंचे काहीतरी ठोकून मेल जातो. यात त्यांचा दोष नाही. शाळेत इन्फिनिटिव्ह म्हणजे टू अधिक क्रियापद एवढं सांगून गाडी पुढच्या धड्यावर जाते. पण या रूपांमध्ये अर्थाचा फरक आहे, आणि काही ठिकाणी तो इतका आहे की टू हलला की वाक्य भलतंच काहीतरी सांगायला लागतं. तो फरक पकडायचा कसा ते इथे क्रमाने लिहितोय. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिलीत, नुसती वाचू नका, तोंडाने म्हणा, हे प्रकरण डोळ्यांपेक्षा कानात लवकर बसतं.

पायरी १: आधी इंग्रजी बाजूला ठेवा

ही तीन वाक्यं म्हणा. मी करू शकतो. मला करायला सांगितलं. करणं सोपं आहे. धातू एकच, कर, पण रूपं तीन, करू, करायला, करणं. कोणी मराठी माणूस "मी करायला शकतो" म्हणत नाही आणि "मला करू सांगितलं" असंही म्हणत नाही. कुठलं क्रियापद शेजारी कुठलं रूप मागतं हे आपल्या कानाला पाठ आहे, त्यासाठी कोणी तक्ता पाठ करून घेतला नव्हता. इंग्रजीत पण असेच तीन खण आहेत, डू, टू डू आणि डूइंग. ढोबळमानाने करू च्या जागी डू, करायला च्या जागी टू डू, करणं च्या जागी डूइंग. आय कॅन डू. ही टोल्ड मी टू डू. डूइंग इट इज ईझी.

यातलं करायला आणि टू डू चं नातं नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. करायला हे करावयाला चं झिजलेलं रूप आहे, शाळेला गेलो, गावाला गेलो म्हणताना जो ला लागतो तसाच ला इथे क्रियेला लागलाय. म्हणजे आपण त्या कामाकडे निघालोय. इंग्रजीचंही तसंच झालं. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत हा टू म्हणजे "च्याकडे" दाखवणारा साधा शब्द होता, आणि त्याच्यापुढे क्रियापदाला विभक्तीचा प्रत्यय लागायचा. प्रत्यय गळून पडला, टू राहिला. म्हणून टू असलेलं रूप शक्यतो पुढे बघतं, काम अजून व्हायचंय. आयएनजीचं रूप कामाला एक वस्तू समजून त्याच्याबद्दल बोलतं, ते चालू असेल, होऊन गेलं असेल किंवा नुसती कल्पना असेल. आणि नुसतं डू आधीच्या शब्दाला इतकं चिकटून असतं की दोघांच्या मध्ये जागाच नसते.

मराठी आणि इंग्रजी जिथे जुळतात तिथे आपण चुकत नाहीच. जिथे जुळत नाहीत तिथे घसरतो. मराठीत आपण करायला लावलं म्हणतो पण इंग्रजीत तिथे टू नाही, करायला हवं म्हणतो आणि शुडपुढे टू नाही, पोहायला मजा येते म्हणतो पण एन्जॉयपुढे स्विमिंगच येतं. तेव्हा मेहनत घ्यायची ती याच जागांवर.

पायरी २: टू कुठे गाळायचा

सगळ्यात सोपी जागा मोडलची, म्हणजे शक्यता, परवानगी, सक्ती दाखवणाऱ्या मदतनीस क्रियापदांची. कॅन, कुड, विल, वुड, शुड, मे, माइट, मस्ट यांच्यापुढे टू कधीच नाही. फलाटावर रोज ऐकता ना, धिस ट्रेन विल नॉट हॉल्ट ॲट अमुक अमुक, तिथे विल टू हॉल्ट ऐकलंय कधी? तसंच मस्ट गो, मस्ट टू गो नाही. हॅव टू आणि ऑट टू यांचा टू मात्र त्यांच्या नावातच आहे, तो ठेवा.

आता मेक आणि लेट, इथे खरी पडझड होते. "साहेबांनी मला थांबायला लावलं" याचं इंग्रजी करताना थांबायला मधला ला आपोआप टू होऊन बसतो आणि "ही मेड मी टू वेट" लिहिलं जातं. बरोबर वाक्य, ही मेड मी वेट. लेटचं पण तेच, ही लेट मी गो, मला जाऊ दिलं. पण गंमत अशी की मेकचं वाक्य पॅसिव्ह केलं की टू परत येतो, आय वॉज मेड टू वेट. कारण मेड आणि वेट यांच्यामधला मी आता पुढे निघून गेला आणि ती घट्ट जोडणी सुटली. लेटला असं पॅसिव्ह सहसा करत नाहीत, तिथे अलाउ वापरा, आय वॉज अलाउड टू गो. अलाउला टू लागतोच.

सी, हिअर, वॉच, फील या पाहण्या-ऐकण्याच्या क्रियापदांत टू नसतो, पण नुसतं रूप की आयएनजी असा दुसराच प्रश्न उभा राहतो आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. समजा दादर स्टेशनबाहेर एका माणसाने तुमच्यासमोर दुसऱ्याचं पाकीट मारलं आणि पोलिसांनी तुमचं स्टेटमेंट घेतलं. "आय सॉ हिम टेक द वॉलेट" म्हणालात तर अर्थ होतो की हात घालण्यापासून पाकीट बाहेर येईपर्यंत सगळं मी पाहिलं. "आय सॉ हिम टेकिंग द वॉलेट" म्हणालात तर काम चालू असताना माझी नजर गेली, शेवट पाहिला असेलच असं नाही. मराठीत आपण "घेताना पाहिलं" म्हणतो ते दुसऱ्याच्या जवळ जातं, पहिल्यासाठी आपल्याला "त्याने पाकीट घेतलं ते मी पाहिलं" असं सांगावं लागतं. एवढा मोठा फरक इंग्रजी एका आयएनजीवर तोलते, त्यामुळे इन्सिडंट रिपोर्ट, सिक्युरिटीचा मेल, इन्शुरन्सचा क्लेम असलं काही लिहिताना दोनदा विचार करा.

हेल्पपुढे दोन्ही चालतं, हेल्प मी फिल द फॉर्म किंवा हेल्प मी टू फिल द फॉर्म. अमेरिकन लोक टू जास्त गाळतात. हॅड बेटर आणि वुड रादर यांच्यापुढे नुसतं रूप. एक सूचना मात्र, "यू हॅड बेटर सेंड इट टुडे" यात "नाहीतर बघा" असा दमाचा सूर असतो, तेव्हा वरिष्ठांना किंवा क्लायंटला हे लिहू नका. आपल्याला बेटर शब्द सौम्य वाटतो आणि समोरच्याला राग येतो.

नीड दोन्हीकडे खेळतं. यू नीड नॉट कम, इथे ते मोडल, म्हणून टू नाही. यू डोन्ट नीड टू कम, इथे साधं क्रियापद, म्हणून टू आला. दोन्ही बरोबर, पण "नीड नॉट टू कम" ही खिचडी करू नका. आणि भूतकाळात गेलात की यांचे रस्ते वेगळे होतात. "आय डिडन्ट नीड टू गो टू ऑफिस ऑन संडे" म्हणजे जायची गरज नव्हती, बहुधा घरीच राहिलो. "आय नीडन्ट हॅव गॉन" म्हणजे गेलो, आणि फुकट गेलो. मेगाब्लॉकमध्ये दोन तास काढून ऑफिस गाठलं आणि मीटिंग रद्द, अशा वेळचं हे दुसरं वाक्य आहे.

पायरी ३: टू की आयएनजी, इथे वेळ द्या

नव्या माणसाने सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा असं मी म्हणेन. काही क्रियापदं फक्त टू घेतात, वॉन्ट, होप, डिसाइड, प्लॅन, प्रॉमिस, ॲग्री, रिफ्यूज, ऑफर, एक्स्पेक्ट, अफोर्ड, मॅनेज. बहुतेकांत काम पुढे व्हायचंय हे लगेच दिसतं. काही फक्त आयएनजी घेतात, एन्जॉय, फिनिश, कीप, माइंड, मिस, ॲडमिट, डिनाय, प्रॅक्टिस, अवॉइड, कन्सिडर, सजेस्ट. शेवटच्या तीनमध्ये काम झालेलं नसतं तरी आयएनजी लागतं, म्हणजे पुढे-मागेचा हिशोब शंभर टक्के चालत नाही हे आत्ताच सांगून ठेवतो, ही तीन सरळ पाठ करा.

पण खरी मजा आहे ती दोन्ही घेणाऱ्या आणि दोन्हीकडे वेगळा अर्थ देणाऱ्या क्रियापदांत.

स्टॉप घ्या. "आय स्टॉप्ड टू ईट अ वडापाव" म्हणजे चालता चालता थांबलो, कशासाठी, तर वडापाव खायला. "आय स्टॉप्ड ईटिंग वडापाव" म्हणजे खाणं बंद केलं, डॉक्टरांनी सांगितलं असेल. पहिल्यात टू ईट हा थांबण्याचा हेतू आहे, दुसऱ्यात ईटिंग हीच थांबलेली गोष्ट आहे. डॉक्टरसमोर बसून स्टॉप्ड टू ईट म्हणालात तर तब्येतीची माहिती बरोबर उलटी जाते.

रिमेंबर आणि फर्गेट. "रिमेंबर टू रिन्यू युअर पास", पास काढायचाय, विसरू नको. "आय रिमेंबर रिन्यूइंग माय पास", काढलाय, मला आठवतंय. "आय फर्गॉट टू लॉक द डोअर" म्हणजे कुलूप लावलंच नाही. आणि २०११ ची वर्ल्ड कप फायनल ज्याने वानखेडेवर बसून बघितली तो म्हणेल, "आय विल नेव्हर फर्गेट सीइंग दॅट फायनल", कारण बघून झालंय. टू असला की आठवण आधी, काम नंतर. आयएनजी असलं की काम आधी, आठवण नंतर. हे एक वाक्य डोक्यात ठेवलं तरी दोन्ही क्रियापदं सुटतात.

रिग्रेट. नोकरीच्या नकाराचा मेल "वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू" असा सुरू होतो, कारण बातमी आता पुढच्या ओळीत द्यायचीय. "वी रिग्रेट इन्फॉर्मिंग यू" लिहिलं तर अर्थ होतो, तुम्हाला सांगितलं हीच आमची चूक झाली. एचआरमध्ये नवीन लागला असाल तर हा फरक पहिल्या दिवशीच शिकून घ्या.

ट्राय तर रोज लागतं. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये जुन्या बिल्डिंगांचे लाकडी दरवाजे पाण्याने फुगतात, माहितीय सगळ्यांना. "आय ट्राइड टू ओपन द डोअर" म्हणजे जोर लावला, ढकललं, खांदा लावला, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की बहुतेक उघडलं नाही. "आय ट्राइड ओपनिंग द विंडो" म्हणजे खिडकी उघडली, सहज उघडली, पण उकाडा काही कमी झाला नाही. पहिल्यात काम करणंच अवघड, दुसऱ्यात काम केलं पण त्याचा उपयोग होतो का ते बघितलं. म्हणून आयटी सपोर्टवाला सांगतो ट्राय रीस्टार्टिंग युअर लॅपटॉप, करून तर बघा. ट्राय टू रीस्टार्ट म्हणाला असता तर लॅपटॉप रीस्टार्ट होणंच मुश्कील आहे असं वाटलं असतं.

गो ऑन साठी आपल्याकडे तयार उदाहरण आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेच्या मॅचमध्ये शारदाश्रम शाळेकडून सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ ची नाबाद भागीदारी केली, सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. त्या दिवसाबद्दल म्हणायचं, "दे वेंट ऑन बॅटिंग", खेळत राहिले, खेळतच राहिले. आणि पुढच्या आयुष्याबद्दल म्हणायचं, "दे वेंट ऑन टू प्ले फॉर इंडिया", एक गोष्ट झाली आणि त्यानंतर दुसरी, मोठी गोष्ट केली. आयएनजीने तेच काम लांबतं, टूने नवीन काम सुरू होतं. कुणाची ओळख करून देताना, बायोडेटात, सत्काराच्या भाषणात हे वेंट ऑन टू फार कामाला येतं.

मीनचं एकाच ओळीत सांगतो, आय मेंट टू कॉल यू म्हणजे फोन करायचा इरादा होता, आणि टेकिंग द स्लो लोकल मीन्स लीव्हिंग अर्ली म्हणजे स्लो पकडायची तर लवकर निघणं आलंच. स्टार्ट, बिगिन यांत फारसा फरक नाही, फक्त आधीच आयएनजी असेल तर दुसरं टाळा, इट इज स्टार्टिंग टू रेन म्हणा. लाइकमध्ये फरक बारीक आहे. "आय लाइक वॉकिंग ॲट मरीन ड्राइव्ह" म्हणजे चालायला मजा येते, "आय लाइक टू रीच टेन मिनिट्स अर्ली" म्हणजे मजा येत नाही कदाचित, पण तसं करणं मला बरं वाटतं, ती माझी पद्धत. आणि वुड लाइक असेल तर फक्त टू, वुड लाइक मीटिंग यू नाही.

पायरी ४: साठी आला की लगेच फॉर लावू नका

"मी तुम्हाला भेटण्यासाठी आलो" याचं आपण "आय केम फॉर मीटिंग यू" करतो. साठी म्हणजे फॉर, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय. पण माणूस एखादी गोष्ट कशासाठी करतो हे सांगताना इंग्रजीत टूच, आय केम टू मीट यू. फॉर अधिक आयएनजी येतं ते वस्तू कशाच्या उपयोगाची आहे ते सांगताना. धिस नाइफ इज फॉर कटिंग ब्रेड. ही सुरी पाव कापायची. आणि "आय बॉट अ नाइफ टू कट ब्रेड", कारण इथे मी माणूस, माझा हेतू.

पायरी ५: जो टू दिसतो तो टू असेलच असं नाही

मेलच्या शेवटी "लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू" लिहिणारे शेकड्यांनी सापडतात. तिथे हवं मीटिंग यू. कारण हा टू क्रियापदाचा नाही, हा साधा प्रीपोझिशन आहे, फ्रॉम, ॲट, इन यांचा भाऊ. ओळखायचा कसा? टूनंतर इट ठेवून बघा. "आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू इट", वाक्य पूर्ण झालं, म्हणजे इथे नाम चालतं, म्हणजे क्रियापद घालायचं तर आयएनजी लावूनच. "आय वॉन्ट टू इट", वाक्य लटकलं, म्हणजे इथे क्रियापदच हवं, वॉन्ट टू गो. ऑब्जेक्ट टू, कमिटेड टू, ॲकस्टम्ड टू, सगळ्यांना हीच टेस्ट लावा.

यातला सगळ्यात गोंधळाचा युज्ड टू. त्याचे दोन अवतार आहेत. "आय युज्ड टू ट्रॅव्हल फ्रॉम विरार" म्हणजे पूर्वी करायचो, आता नाही. "आय ॲम युज्ड टू ट्रॅव्हलिंग फ्रॉम विरार" म्हणजे अजून करतो आणि अंगवळणी पडलंय. दुसऱ्याला इट टेस्ट लावा, आय ॲम युज्ड टू इट, बरोबर बसतं. इंटरव्ह्यूत हा फरक नडतो. शिफ्टबद्दल विचारलं आणि तुम्ही "आय युज्ड टू वर्क नाइट्स" म्हणालात तर ते समजतील की आधी करत होता. सवय आहे, चालेल मला, हे सांगायचं असेल तर आय ॲम युज्ड टू वर्किंग नाइट्स. आणि आजच्या रोजच्या सवयीसाठी "आय यूज टू गो डेली" म्हणायची आपल्याकडे पद्धत पडलीय ती सोडा, नुसतं आय गो डेली म्हणा, तेवढं पुरे.

पायरी ६: हॅव आणि बी आत शिरले की

इन्फिनिटिव्हला टेन्स नसतो असं शिकवतात, पण काळ दाखवायची सोय त्याच्याकडे आहे. टू लूज, टू बी लूझिंग, टू हॅव लॉस्ट. "ही सीम्स टू लूज हिज पास एव्हरी मंथ" म्हणजे दर महिन्याला हरवतो असं दिसतंय. "ही सीम्स टू बी लूझिंग हिज टेम्पर" म्हणजे आत्ता, आपल्यासमोर, पारा चढतोय. "ही सीम्स टू हॅव लॉस्ट हिज पास" म्हणजे हरवून झालाय, खिसे चाचपतोय त्यावरून कळतंय. सीम्स तिन्हीकडे आत्ताचंच आहे, हॅव आला की आतलं काम मागे जातं, बी आयएनजी आलं की ते चालू होतं. लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी कोणी सरक म्हणू नये म्हणून एखादा डोळे मिटून बसतो, तो प्रिटेंड्स टू बी स्लीपिंग, झोपलेला असल्याचं दाखवतो.

इंग्रजी पेपर वाचताना हे हॅव सतत भेटतं. द फायर इज बिलीव्ह्ड टू हॅव स्टार्टेड ऑन द थर्ड फ्लोअर, आग तिसऱ्या मजल्यावर लागली असावी. ही इज अलेज्ड टू हॅव टेकन मनी, त्याने पैसे घेतल्याचा आरोप आहे. पत्रकार हे उगाच लांबवत नाहीत, खात्री झालेली नसताना झालेल्या गोष्टीबद्दल बोलायची ही सुरक्षित पद्धत आहे. मराठीत असावी, समजतं, आरोप आहे यांनी आपण जे करतो ते.

एक बारकावा खास शिकण्यासारखा. "आय वॉज टू मीट हिम ॲट चर्चगेट" म्हणजे भेटायचं ठरलं होतं, भेट झाली की नाही ते वाक्य सांगत नाही. "आय वॉज टू हॅव मेट हिम" म्हणजे ठरलं होतं, पण झाली नाही. नुसत्या हॅवने "राहून गेलं" एवढं सगळं कळतं. रोज लागणार नाही, पण वाचताना सुटलं तर गोष्टच उलटी समजते.

पायरी ७: दुसऱ्याकडून काम, आणि नकार

"त्याने यावं असं मला वाटतं" हे शब्दाला शब्द नेलं की "आय वॉन्ट दॅट ही शुड कम" होतं. इंग्रजीत माणूस मध्ये घ्यायचा आणि टू लावायचा, आय वॉन्ट हिम टू कम. टेल, आस्क, ॲडव्हाइज, रिक्वेस्ट, अलाउ, एक्स्पेक्ट सगळे या रांगेत. सजेस्ट मात्र या रांगेत नाही. "ही सजेस्टेड मी टू टेक द मेट्रो" चुकीचं, "ही सजेस्टेड दॅट आय टेक द मेट्रो" किंवा "ही ॲडव्हाइज्ड मी टू टेक द मेट्रो". पहिल्या दुरुस्तीत आयच्या जागी शी घातली तरी टेकच राहतं, टेक्स होत नाही, ते पण मूळ रूपच आहे.

नकाराची जागा सांभाळा. "ही टोल्ड मी नॉट टू कम", येऊ नको म्हणाला. "ही डिडन्ट टेल मी टू कम", ये म्हणाला नाही. मराठीत या दोन वाक्यांचा घोळ आपण कधीच करत नाही, इंग्रजीत घाईत होतो, आणि नंतर मीटिंगला का आला नाहीत यावरून वाद.

पायरी ८: पाट्या आणि हेडलाइनी

गिरगावात, दादरला बिल्डिंगच्या गेटवर टू लेटची पाटी दिसते. फ्लॅट स्वतः भाड्याने देत नाही, दिला जाणार असतो, तरी टू बी लेट लिहित नाहीत. नामाला चिकटलेल्या टूमध्ये अशी सूट असते, काम करणारा उघड असला की ॲक्टिव्ह चालतं, आय हॅव थ्री मेल्स टू सेंड. पण कधी कधी दोन्ही रूपं असतात आणि अर्थ फुटतो. "देअर इज नथिंग टू डू" म्हणजे करायला काही नाही, कंटाळा आलाय. "देअर इज नथिंग टू बी डन" म्हणजे आता इलाज नाही. पेशंटच्या नातेवाइकाला हॉस्पिटलमध्ये यातलं कुठलं वाक्य ऐकू आलं यावर सगळं अवलंबून असतं. आणि द फॅन नीड्स रिपेअरिंग म्हणजे पंखा दुरुस्त करून हवाय, नीड्स टू बी रिपेअर्ड म्हटलं तरी तेच.

हेडलाइनमध्ये नुसता टू म्हणजे भविष्य. "बीएमसी टू रिपेअर रोड्स" म्हणजे दुरुस्त करणार आहे, केले नाहीत. ऑफर लेटरमध्ये "यू आर टू रिपोर्ट ॲट नाइन" म्हणजे नऊला हजर व्हायचंच, ती विनंती नाही, हुकूम आहे.

सराव कसा करायचा

पाठांतराच्या याद्या करू नका, त्या टिकत नाहीत. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या ऑनलाइन लर्नर्स डिक्शनरीत कुठलंही क्रियापद उघडा, अर्थाशेजारी टू डू समथिंग किंवा डूइंग समथिंग असं छापलेलं असतं, अर्थ बघायच्या आधी ते बघायची सवय लावा. मग आपल्या सेंट फोल्डरमधला एक जुना मेल काढा आणि त्यातल्या प्रत्येक टूवर थांबून दोनच प्रश्न विचारा. इथे इट बसतं का? आणि काम अजून व्हायचंय की झालंय? बसतं म्हटलं तर आयएनजी. बसत नाही आणि काम झालेलं आहे तर बघा, तिथे हॅव हवा होता का, की आयएनजी. रोज एकच मेल, चहा पिताना होतो. नवीन वाक्य शिकलात की स्वतःच्या आयुष्यातलं एक उदाहरण लगेच बनवा आणि मोठ्याने म्हणा, पुस्तकातला जॉन आणि मेरी लक्षात राहत नाहीत, स्वतःचा पास आणि स्वतःची लोकल राहते.

आणि मेल पाठवायची घाई आहे, डेडलाइन डोक्यावर आहे, रूप काही केल्या आठवत नाही, तर वाक्य फोडा. रिग्रेटपुढे काय लिहू सुचत नसेल तर आय ॲम सॉरी दॅट आय टोल्ड हिम लिहा. रिमेंबरपुढे अडलात तर आय रिमेंबर दॅट आय पेड द बिल लिहा. दॅटनंतर पूर्ण वाक्य येतं, कर्ता येतो, टेन्स येतो, आणि टू की आयएनजी हा प्रश्नच उरत नाही. पण हे प्रत्येक क्रियापदापुढे चालत नाही, वॉन्टपुढे तर नाहीच, तिथे हिम टू कमच लिहावं लागेल.